स्टेज कसं असेल? आधी तिकिटांचा नकाशा बघा

एखाद्या रॉक बँडने स्टेडियम दौरा जाहीर केला, की कोणती गाणी वाजणार याइतकीच चर्चा स्टेजची रंगते. स्टेज मैदानाच्या मधोमध असेल का, पडदा केवढा असेल, गायक गर्दीच्या डोक्यावरच्या पुलावरून चालेल का? चाहते चित्रं काढतात, आसनांच्या नकाशावर मापं घेतात, स्टेडियमबाहेर उभ्या ट्रकांचे फोटो निरखतात. मला हे अंदाज वाचायला मनापासून आवडतं. त्यातले चांगले अंदाज म्हणजे सरळसरळ भौतिकशास्त्र असतं. आवाजाचा वेग, डोळ्याची क्षमता, वारा आणि वाहतूक या चौघांनी मान्यता दिल्याशिवाय स्टेडियममध्ये काहीच उभं राहत नाही.

सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे तिकीटविक्रीचा नकाशा. मैदानाच्या एका टोकामागची आसनं विक्रीलाच नसतील तर स्टेज त्या टोकाला, आणि मागे मोठा पडदा. चारही बाजूंची तिकिटं निघाली असतील तर स्टेज मध्यभागी, किंवा निदान सगळीकडून दिसेल असं. टोकाच्या स्टेजमागे बसणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून स्टेडियमचा मोठा भाग रिकामा ठेवावा लागतो. मध्यभागी स्टेज नेलं की ती आसनं परत मिळतात, पण एक अवघड प्रश्न उभा राहतो: स्पीकर आणि पडदे टांगायचे कशाला? उघड्या स्टेडियमला छत नाही, आणि स्टेजभोवती खांब रोवले तर त्यांच्यामागचे लोक वैतागणार.

यू-टू या आयरिश बँडच्या ‘360 अंश’ दौऱ्याने याला दिलेलं उत्तर आजही अभ्यासण्यासारखं आहे. 30 जून 2009 रोजी बार्सिलोनात हा दौरा सुरू झाला. वास्तुविशारद मार्क फिशर आणि कार्यक्रमाचे रचनाकार विली विल्यम्स यांनी चार पायांचा, सुमारे 50 मीटर उंचीचा पोलादी सांगाडा रचला. लोक त्याला ‘द क्लॉ’ म्हणू लागले. पाय स्टेजपासून दूर टेकवलेले, आणि स्पीकर, दिवे, पडदा सगळं वर टांगलेलं. त्यामुळे एवढ्या अजस्र वस्तूखालीही गायक चारही बाजूंनी मोकळा दिसायचा. पडदा दंडगोल होता आणि कात्रीसारख्या सांध्यांवर खाली उलगडत जायचा. घड्या पडणाऱ्या रचनांसाठी प्रसिद्ध असलेले चक होबरमन यांचं ते काम. दोन वर्षांत 110 कार्यक्रम झाले आणि 70 लाखांहून जास्त तिकिटं खपली.

मेटॅलिका या अमेरिकन बँडने 2023 मध्ये ॲमस्टरडॅममधून सुरू केलेल्या दौऱ्यात हाच प्रश्न उलटा सोडवला. स्टेज हातातल्या गोल कड्याच्या आकाराचं, कड्याच्या आतही प्रेक्षक, आणि भोवती आठ मनोरे. स्पीकर आणि पडदे त्या मनोऱ्यांवर. काही लोकांची दृष्टी थोडी अडणार हे मान्य करून त्या बदल्यात बँडला प्रत्येक बाजूकडे तोंड करून वाजवता आलं.

आता आवाजाकडे येऊ, कारण चाहत्यांच्या चित्रांत सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. 20 अंश सेल्सिअस तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. स्टेजपासून 100 मीटरवर बसलेल्याला ड्रमचा ठोका जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो, पण पडद्यावर काठी पडलेली त्याला लगेच दिसते. शिवाय तेवढ्या अंतरावर आवाजाचा जोरही ओसरतो. म्हणून मैदानात पुढे-मागे आणखी स्पीकर उभारतात. तारेतून संदेश त्यांच्यापर्यंत क्षणात पोहोचतो, त्यामुळे तो मुद्दाम रोखून धरावा लागतो. स्टेजपासून 60 मीटरवरच्या मनोऱ्याला साधारण 175 मिलिसेकंदांचा उशीर देतात आणि वर आणखी 10-15 मिलिसेकंद घालतात. ही शेवटची भर फार सुंदर आहे. आपला मेंदू आवाजाची दिशा आधी पोहोचलेल्या लहरीवरून ठरवतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. स्टेजचा क्षीण आवाज आधी आणि जवळच्या मनोऱ्याचा जोरदार आवाज किंचित नंतर पोहोचला, तर ऐकणाऱ्याला वाटतं की सगळं स्टेजकडूनच येतंय.

तेव्हा उभारणीच्या फोटोत मैदानाच्या मध्याच्या आसपास एकटे मनोरे दिसले तर ते बहुधा याच कामाचे असतात. त्यावरून ‘दुसरं स्टेज’ असणार असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

सगळीकडून दिसणाऱ्या स्टेजला वेगळीच अडचण येते. जवळच्या मनोऱ्याचा आवाज आला, आणि समोरच्या, 100 मीटर जास्त दूर असलेल्या मनोऱ्याचा 0.3 सेकंदांनी आला, तर शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणजे प्रत्येक मनोऱ्याने आपला आवाज नेमून दिलेल्या पट्ट्यातच टाकायला हवा. स्पीकरची उभी, खालच्या टोकाशी वळण घेतलेली लांबलचक रांग त्यासाठी असते. आवाजाला दिशा द्यायची तर स्रोत तरंगलांबीच्या तुलनेत मोठा लागतो. 10,000 हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही नसते, पण 100 हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास जाते. म्हणून रांग कित्येक मीटर उंच करावी लागते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ख्रिश्चन हाइल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही रचना शास्त्रशुद्ध पायावर आणली. अशा रांगेजवळच्या पट्ट्यात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 ऐवजी सुमारे 3 डेसिबलनेच घटतो. ज्या कल्पनाचित्रात या रांगांना जागाच नाही, ते कितीही देखणं असलं तरी प्रत्यक्षात येणार नाही.

‘वादक चार कोपऱ्यांत उभे राहतील’ हा अंदाज मात्र आता खरा ठरू शकतो. 25 मीटर अंतरावर आवाज सुमारे 73 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्यात ताल विस्कटतो. कानात घालायच्या बिनतारी मॉनिटरमुळे, म्हणजे वादकाला सगळ्यांचं वाजवणं थेट ऐकवणाऱ्या इअरफोनमुळे, ही अडचण सुटली, कारण रेडिओलहरींना ते अंतर जाणवतसुद्धा नाही.

पडद्याचं गणित सोपं आहे. 1.75 मीटर उंचीचा गायक 100 मीटरवरून 1 अंशाएवढा दिसतो. हात लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या रुंदीच्या साधारण निम्मा. 20 मीटर उंच पडदा तिथूनच 11 अंश व्यापतो, म्हणजे चेहऱ्यावरचे भाव वाचता येतात. चांगली नजर 1 अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. 100 मीटरवर याचा अर्थ जवळजवळ 3 सेंटिमीटर. लांबच्या प्रेक्षकासाठी पडद्याचे दिवे एकमेकांत चिकटून असण्याची गरज नाही, आणि मधल्या फटींमुळे वजन कमी होतं व वाराही आरपार जातो. असे पडदे शक्य झाले ते शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये दाखवलेल्या प्रखर निळ्या एलईडीमुळे. निळा मिळाला म्हणून लाल आणि हिरव्याबरोबर पूर्ण रंग मिळाले. अवघ्या चार वर्षांत, 1997 च्या पॉपमार्ट दौऱ्यात, यू-टूने सुमारे 50 मीटर रुंदीचा एलईडी पडदा गावोगावी फिरवला. निळ्या एलईडीचं नोबेल पारितोषिक इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना 2014 मध्ये मिळालं. संगीतवाल्यांना त्याची किंमत त्याआधी बरीच वर्षं कळली होती, असं मला वाटतं.

वारा हा सगळ्यांत कठोर परीक्षक. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 25 किलोचा भार येतो. 20 बाय 15 मीटरच्या भरीव पडद्यावर तो साडेसात टन होतो, आणि तोही उंचावर, जिथून तरफेसारखा सगळा सांगाडा उलथवायला बघतो. म्हणून पाया रुंद लागतो, पाण्याच्या टाक्या किंवा काँक्रीटचे ठोकळे लागतात, आणि वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पडदे खाली घेतले जातात. 13 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्य जत्रेत वादळी झोताने स्टेजचं छत कोसळलं आणि 7 जणांचा जीव गेला. ‘एवढा साधा खांब त्यांनी इतका जाड का केला’ असं विचारणाऱ्याने ती घटना वाचावी.

शेवटचा पुरावा दौऱ्याच्या तारखांमध्ये असतो, आणि तिकडे फार कमी चाहते बघतात. मोठा पोलादी सांगाडा उभारायला आणि उतरवायला दोन्ही मिळून कित्येक दिवस जातात. तरी लागोपाठच्या दोन शहरांमध्ये तीनच दिवसांचं अंतर असेल तर एकाच सांगाड्यावर भागणार नाही. ‘द क्लॉ’ तीन बनवले होते: एकावर कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या शहरात उभा राहत असे आणि तिसरा उतरत किंवा वाटेत असे. पडदा, स्पीकर, दिवे हे महागडं सामान मात्र सहसा एकच असतं आणि ते रातोरात हलवतात. त्यामुळे तारखा दाटीवाटीने लागल्या असतील तर अंदाज असा करावा: सांगाडा साधा, सुटे भाग सारखे, आणि नवलाईचं जे काही असेल ते रात्रीत सोडवून ट्रकात भरता येणाऱ्या वस्तूंमध्ये. प्रत्येक शहरात दोन कार्यक्रम आणि पुढच्या शहरापर्यंत आठवडाभराची उसंत दिसली, तर चित्रात आणखी एखादा मनोरा काढायला हरकत नाही.