दगडावरचा साबण

लिथोग्राफ म्हणजे दगडात चित्र कोरायचं आणि शिक्क्यासारखं कागदावर उठवायचं, अशी समजूत चांगल्या वाचत्या लोकांचीही असते. मराठीत नावच शिळाप्रेस, त्यामुळे छिन्नी डोळ्यांपुढे येतेच. पण छपाईला तयार झालेल्या दगडावरून हात फिरवा, चित्र कुठे आणि कोरी जागा कुठे, हे बोटांना कळणार नाही.

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गला (१९२५–२००८) हे तंत्र आधी जुनाट वाटलं होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडांवर कसलं लिहीत बसायचं, अशा अर्थाचं त्याचं बोलणं प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म टेक्ससमधल्या पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावातला. औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडलं, महायुद्धात नौदलात काम केलं आणि मग चित्रकलेकडे वळला. रजई, टायर, पेंढा भरलेला बोकड, चित्रात त्याला काहीही चाले. असा माणूस १९६२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तात्याना ग्रोसमन यांच्या छापशाळेत दगडापुढे बसला आणि रमला.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. हा दगड म्हणजे अतिशय बारीक कणांचा चुनखडक, कॅल्शियम कार्बोनेट. सर्वांत नावाजलेला दगड जर्मनीतल्या बव्हेरियात झोल्नहोफेनला मिळतो आणि तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ पाण्यातल्या गाळाचा आहे. त्याच खाणींत सापडलेल्या पिसांच्या जीवाश्माला १८६१ साली आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका हे नाव मिळालं. त्यातलं ‘लिथोग्राफिका’ या छपाईच्या दगडावरून आलं.

या दगडावर चरबी, मेण, साबण आणि काजळी यांच्या खडूने चित्र काढतात. मग बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकात थोडं नायट्रिक आम्ल मिसळून ते वरून फासतात. जिथे खडू लागलाय तिथे त्यातल्या चरबीची मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमला धरतात आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट बादलीला पांढरा चिकट थर बसतो. तोच हा पदार्थ. पाण्यात तो विरघळत नाही आणि तेलाला जवळ करतो. कोऱ्या जागेत डिंकाचे लांब रेणू आपल्या कार्बॉक्सिल या आम्लधर्मी गटांनी दगडाला बिलगतात, आणि त्यांचे पाण्याशी सलगी करणारे असंख्य हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी पाणी धरून ठेवतात.

पुढची पायरी पाहताना नवख्याच्या पोटात गोळा येतो. टर्पेंटाइनने खडूचं चित्र चक्क पुसून टाकतात! दिसायला जवळपास काही उरत नाही, उरतो तो रेणूंच्या जाडीचा फरक. दगड ओला करायचा आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेला शाई शिवत नाही, साबणाच्या जागी चिकटते, आणि चित्र परत येतं. आलोइस झेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास शोधलेलं हेच तत्त्व ऑफसेट छपाईत आजही चालतं, फक्त दगडाच्या जागी धातूची प्लेट आली.

जाता जाता एक. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्याच्या काळात, शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असं सांगतात. धंदा म्हणून हुशारीच. पण तुपातलं ओलिक आम्ल आणि चरबीतलं ओलिक आम्ल एकच. दगड सोवळं पाळत नाही.

राउशेनबर्गने याच गोष्टीचा फायदा उठवला. दगडाला कळतो फक्त तेलकटपणा. मग चित्र हाताने काढलंच पाहिजे असं कुठे आहे? वर्तमानपत्रांनी टाकून दिलेले फोटोंचे ब्लॉक आणायचे, त्यांना तेलकट द्रव लावायचा आणि दगडावर दाबायचे.

१९६३ साली असंच एक चित्र छापताना दगड प्रेसमध्ये तडकला. दुसरा दगड तयार केला, तोही फुटला. चुनखडक दाब भरपूर सोसतो, पण ताण त्याला झेपत नाही. दाब असमान पडला की दगड किंचित वाकू पाहतो, खालची बाजू ताणली जाते आणि तिथून चीर निघते. ग्रोसमन यांच्याकडे कोणीही तिसरा दगड मागितला असता. राउशेनबर्गने फुटकाच छापायला लावला. तो छापला जाण्यात नवल नव्हतं, कारण साबणाचा थर जागच्या जागी होता आणि दोन्ही तुकडे आपापली शाई नीट धरत होते. फक्त भेगेत शाई धरायला पृष्ठभागच उरला नव्हता, म्हणून चित्रातून तिरकी पांढरी फट गेली. उडालेल्या कपच्याही त्याने तळाशी मांडून छापल्या. चित्राचं नाव ठेवलं ‘अ‍ॅक्सिडेंट’. प्रती काढल्या २९, आणि त्याच वर्षी स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.