मेंदूला रेडिएशन एकदाच? तसं नाही

‘डोक्याला एकदा शेक (म्हणजे रेडिएशन) दिला की पुन्हा देता येत नाही’ हे पेशंटचे नातेवाईक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत. हे अर्धसत्य आहे. ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरमध्ये, पहिल्या वेळी साधारण 60 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), 30 भागांत देतात; तेवढाच डोस त्याच जागी पुन्हा देणं धोक्याचं, हे खरं. पण गाठ लहान असेल आणि मध्ये पुरेसे महिने गेले असतील, तर नेमक्या गाठीवर किरण रोखून दुसऱ्यांदा उपचार होऊ शकतो. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीदार मास्क बसवतात. डोळ्यांच्या नसांना आणि मेंदूच्या देठाला आधी किती डोस मिळालाय, तो हिशेबात धरतात. खरी मेख वेगळीच आहे: एमआरआयमधला डाग कॅन्सरचा, की आधीच्या रेडिएशनने मेलेल्या पेशींचा? कधी पेशी किती सक्रिय आहेत हे दाखवणारा पेट (PET) स्कॅन लागतो, कधी बायोप्सी. जुन्या उपचाराची फाइल तेवढी सांभाळा, डॉक्टर आधी तीच मागतात.