लेओव्हरला जेवायला या, सुट्टीला नको: सी-१/डी आणि बी-१/बी-२

"क्रूला कुठेच व्हिसा लागत नाही" आणि "क्रूकडे सगळ्या जगाचा व्हिसा असतो" ही दोन्ही वाक्यं मी एकाच लग्नाच्या पंगतीत, एकाच काकांच्या तोंडून ऐकली आहेत. मध्ये फक्त मठ्ठा वाढून गेला. विमान कंपनीत क्रू शेड्युलिंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे कोणाच्या पासपोर्टात काय आहे हे बघूनच ड्युटीचं रोस्टर लावायची सवय झाली. तरी नातेवाईकांचं आणि कधी कधी खुद्द नव्या क्रूचंही अमेरिकेच्या व्हिसाबद्दलचं गणित दरवेळी त्याच जागी चुकतं. म्हणून एकदा लिहून टाकतो.

बी-१/बी-२, म्हणजे अमेरिकेचा पाहुण्यांचा व्हिसा, तुम्हाला माहीत आहे. मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आजीच्या पासपोर्टावर असतो तो. त्याबद्दल जास्त सांगत नाही. सी-१/डी हा विमानाच्या आणि जहाजाच्या क्रूचा. अर्जाचा डीएस-१६० फॉर्म तोच, २०२३ पासून लागू झालेली १८५ डॉलर फी तीच, फक्त सोबत कंपनीचं पत्र. याला 'वर्क व्हिसा' म्हणणाऱ्यांना एक विनंती आहे: म्हणू नका. अमेरिकेत नोकरी करायची परवानगी यात कुठेही नाही. आणि 'हवाईसुंदरीचा व्हिसा' तर मुळीच म्हणू नका. त्याच स्टिकरवर दाढीवाला कॅप्टनही जातो आणि रत्नागिरीचा खलाशीही.

आता खरी अडचण. आमच्याकडे एक मुलगी होती, केबिन क्रू. न्यूयॉर्कची फ्लाइट, दोन दिवसांचा लेओव्हर, म्हणजे परतीच्या फ्लाइटपर्यंतचा मुक्काम. मावशी न्यू जर्सीत, एडिसनला. ती लेओव्हरमध्ये मावशीकडे जेवायला जायची, पुरणपोळी खाऊन हॉटेलवर परत यायची. याला काहीच हरकत नाही. ड्युटीवर आलेल्या क्रूने पुढच्या फ्लाइटपर्यंत विश्रांती घ्यावी, गावात फिरावं, हे सी-१/डी मधल्या डी भागात गृहीतच धरलेलं आहे. जहाजवाल्यांची 'शोअर लीव्ह', बंदरावर उतरून फिरण्याची सुट्टी, ती हीच.

मग मावसबहिणीचं लग्न ठरलं, शनिवारी. मुलीची परतीची फ्लाइट गुरुवारी. तिने मला विचारलं, "सर, गुरुवारी मला फ्लाइटवरून काढा, तीन दिवस रजा टाका, मी सोमवारी स्टाफ तिकिटावर येते. व्हिसा आहेच की, आणि एकोणतीस दिवस राहता येतं."

सगळ्यांचा पाय घसरतो तो इथे. एकोणतीस दिवसांचा आकडा खरा आहे. डी व्हिसावर उतरणाऱ्याला जास्तीत जास्त तेवढेच दिवस मिळू शकतात. पण ते सुट्टीचे दिवस नाहीत. विमान बिघडलं, वादळ आलं, जहाज बंदरात अडकलं, तर क्रूला किती काळ थांबता येईल याची ती शेवटची रेघ आहे. परवानगी बांधलेली असते ती कामाला: क्रू म्हणून आलात, क्रू म्हणून जाणार आहात. गुरुवारच्या फ्लाइटवरून स्वतःच्या मर्जीने नाव काढून घेतलं की मधले दिवस लेओव्हर राहत नाहीत. माणूस तोच, घर तेच, पुरणपोळी तीच. मंगळवारी ते चालतं, शुक्रवारी चालत नाही.

याच प्रश्नाचं दुसरं रूप म्हणजे मुंबईहूनच रजेवर निघणं. स्टँडबाय तिकीट, म्हणजे जागा उरली तर बसायचं तिकीट, काढायचं आणि काउंटरवर सी-१/डी दाखवायचा. बॅगेत युनिफॉर्म असला, गळ्यात आयडी असला, म्हणून कोणी क्रू होत नाही. त्या दिवशी तुम्ही पॅसेंजर आहात, लग्नाला निघालेले पॅसेंजर, आणि त्याला बी-२ लागतो.

इथे कोणीतरी हुशार माणूस विचारतो, "पण डेडहेडिंग क्रू पॅसेंजरच्याच सीटवर बसून जातात ना?" डेडहेडिंग किंवा पोझिशनिंग म्हणजे त्या फ्लाइटवर काम न करता पुढच्या ड्युटीच्या जागी जाणं. जातात. सीटवरून काही ठरत नाही. कंपनीने पाठवलं आहे का, आणि पलीकडे ड्युटी वाट बघते आहे का, यावरून ठरतं. पोझिशनिंगवर जाणाऱ्याचं नाव जनरल डिक्लरेशनवर, म्हणजे क्रूची नावं असलेल्या विमानाच्या अधिकृत कागदावर (आमच्या भाषेत जीडीवर) असलं तर तो क्रूमध्येच धरला जातो. साधं तिकीट काढून, पॅसेंजर म्हणून, न्यूयॉर्कला उभ्या असलेल्या विमानावर किंवा ह्यूस्टनला लागलेल्या जहाजावर रुजू व्हायला निघालेल्याला कामी येतं ते पहिलं अर्धं, सी-१. ट्रान्झिट. दोन अक्षरं एकाच स्टिकरवर छापतात ती याचसाठी. सी-१ म्हणजे थेट कामावर जाणं. वाटेत मावशी असली तरी सी-१ मध्ये मावशी बसत नाही.

डी चा आणखी एक कडकपणा लोकांना उशिरा कळतो. बी-२ वर गेलेली आजी मुदत वाढवायचा अर्ज करू शकते. काही वेळा आत राहून दुसऱ्या स्टेटसचाही करता येतो. सी किंवा डी वर उतरलेल्याला मुदतवाढही नाही आणि स्टेटस बदलही नाही. "एकदा आत गेलं की बघू" असा सल्ला देणारे एजंट भेटले की मी उठून जातो.

उलट्या बाजूची चूकही सांगतो, कारण ती हुशार लोक करतात. एक फर्स्ट ऑफिसर आमच्याकडे रुजू झाले, पासपोर्टात दहा वर्षांचा बी-१/बी-२. "माझ्याकडे याहून भारी व्हिसा आहे, सी-१/डी कशाला?" भारी-हलका असा प्रकारच नाही. बी वर अमेरिकेची फ्लाइट ऑपरेट करता येत नाही. त्यांचा सी-१/डी येईपर्यंत मी त्यांना आखातात फिरवलं. ब्रिटिश पासपोर्टवाल्या सहकाऱ्यांना तर हे अपमानास्पदच वाटतं. सुट्टीला जाताना ते ईस्टा, म्हणजे ऑनलाइन पूर्वपरवानगी, भरून बिनव्हिसाचे अमेरिकेत जातात, पण ट्रॉली ढकलत जायचं असेल तर त्यांनाही सी-१/डी लागतो. ती बिनव्हिसाची सोय क्रूला नाही. खासगी यॉटवरच्या क्रूला मात्र बी-१ चालतो, पण तो अपवाद घेऊन कोणी विमानतळावर भांडू नये.

"क्रूला व्हिसा लागत नाही" हे वाक्य येतं कुठून? तेही हवेतून आलेलं नाही. १९४४ च्या शिकागो कराराचं नववं परिशिष्ट आहे. ड्युटीवर आलेल्या, क्रू मेंबर सर्टिफिकेट बाळगणाऱ्या माणसाला पुढच्या फ्लाइटपर्यंत व्हिसाविना उतरू द्यावं, अशी त्यातली कल्पना. बरेच देश ती आपापल्या पद्धतीने पाळतात, अमेरिका व्हिसा मागते. ब्रिटनच्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात सात दिवसांच्या आत त्याच किंवा दुसऱ्या विमानावर क्रू म्हणून परत जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांचा सीमानियम तर गंमतशीर आहे: ड्युटीवरच्या क्रूला विमानतळ ज्या नगरपालिकेत आहे तिच्या हद्दीत जाता येतं, किंवा तिथून निघणारं विमान पकडायला दुसऱ्या विमानतळावर. म्हणजे फ्रँकफर्टच्या लेओव्हरला गावात सॉसेज खा. "पॅरिस काय, ट्रेनने चार तास" असं म्हणणाऱ्या पोरांना मी हद्दीचा नकाशाच दाखवायचो. ऑस्ट्रेलिया जहाजाच्या क्रूला अर्ज करून घ्यायचा वेगळा व्हिसा देते, ९८८ क्रमांकाचा. विमानाच्या क्रूला मात्र अर्जाशिवाय, कायद्यानेच व्हिसा असल्याचं मानते. ज्याच्या घरात एक भाऊ मर्चंट नेव्हीत आणि एक केबिन क्रू आहे, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याला सल्ला देऊ नये.

त्या मुलीला मी गुरुवारच्या फ्लाइटवरून काढलं नाही. लग्न तिने व्हिडिओ कॉलवर, मुंबईत, अंघोळ न करता पाहिलं. पुढे तिने बी-१/बी-२ ला वेगळा अर्ज केला. दोन्ही व्हिसा एकाच पासपोर्टात असायला काही अडचण नसते. आता कामावर जाताना एक पान उघडते, रजेवर जाताना दुसरं. मावशीला हे कळल्यावर तिचा मला निरोप आला: "दोन-दोन व्हिसा आहेत म्हणे. मग एकावर जावईबापूंना पाठवा."