कचराभूमीतला वायू: आकडे जोडीने वाचा

डम्पिंग ग्राउंडजवळून जाताना नाकात शिरणारा दर्प मिथेनचा नसतो. मिथेनला वास नाही, कार्बन डायऑक्साइडलाही नाही. आणि मुरलेल्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत जवळजवळ सगळा वाटा या दोघांचाच असतो. मिथेन साधारण ४५ ते ६० टक्के, बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, मर्कॅप्टन, अमोनिया अशा चिमूटभर वायूंचा. पीओपीचा राडारोडा ओल्या कचऱ्यात मिसळला, की त्यातल्या सल्फेटपासून जिवाणू भरपूर हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तेव्हा दुर्गंधी कमी झाली म्हणजे वायू थांबला, हा समज धोक्याचा आहे.

ताज्या कचऱ्यात आधी हवा असते. जिवाणू तिच्यातला ऑक्सिजन संपवतात. मग आम्ले तयार करणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. या काळात कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन निघतो, मिथेन जवळपास नसतोच. मिथेन बनवणाऱ्यांना आम्लता सोसत नाही, त्यामुळे सामू ७ च्या आसपास येईपर्यंत ते जोर धरत नाहीत. पिष्टमय पदार्थांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निम्मे-निम्मे मिळायला हवेत. प्रत्यक्षात मिथेनचं पारडं थोडं जड राहतं, कारण तेल-तूप आणि प्रथिनं मिथेन जास्त देतात, शिवाय कार्बन डायऑक्साइडचा काही भाग लीचेटमध्ये, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्यात, विरघळतो. आपल्याकडच्या कचऱ्यात ओलं अन्न खूप; उष्ण-दमट हवेत त्याचं निम्मं कुजणं दोनेक वर्षांतच उरकतं. वायू गोळा करायची व्यवस्था कचराभूमी बंद झाल्यावर उभारायची म्हटली, तर बराचसा मिथेन तोवर उडून गेलेला असतो.

मुंबईत गोराईची कचराभूमी २००७ मध्ये बंद झाली. ती झाकून, विहिरी (कचऱ्यात उभ्या पुरलेल्या सच्छिद्र नळ्या) घालून वायू ओढून जाळायची सोय तिथे केली गेली. अशा विहिरीवर रोजचं काम असतं मोजणीचं. हातातलं यंत्र मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मोजतं. १०० मधून तिन्ही वजा केले की जे उरतं ते मुख्यतः नायट्रोजन. कचरा नायट्रोजन फारसा देत नाही, म्हणजे तो बाहेरच्या हवेतून आलेला. पण आला कुठून?

हवेत नायट्रोजन ऑक्सिजनच्या सुमारे ३.७ पट असतो. समजा ऑक्सिजन ३ आणि नायट्रोजन ११ टक्के आला. गुणोत्तर हवेचंच आहे, तेव्हा गळती नळीत, जोडात किंवा विहिरीच्या तोंडाशी शोधा. पण नायट्रोजन तेवढाच ११ आणि ऑक्सिजन जेमतेम अर्धा टक्का असेल, तर हवा आच्छादनातून कचऱ्यात शिरली आणि वाटेत तिचा ऑक्सिजन जिवाणूंनी खाल्ला. इथे जोड आवळून उपयोग नाही. व्हॉल्व्ह थोडा बंद करून ओढ कमी करायची, आच्छादनातल्या भेगा बुजवायच्या. नुसता ऑक्सिजनचा आकडा पाहणाऱ्याला ही दुसरी विहीर निरोगी वाटते, आणि नेमकी तीच आगीच्या वाटेवर असते: हवा मिळाली की आतलं कुजणं उष्णता सोडू लागतं. वायूचं तापमान ५५ अंश सेल्सिअसवर चढू लागलं, की सावध व्हायचं. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत हजार भागांवर गेला, तर खाली कचरा धुमसतो आहे असं धरायचं. मात्र हा आकडा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. हातातल्या यंत्राचा सेन्सर हायड्रोजनलाही कार्बन मोनॉक्साइड समजतो.

ओढ फार कमी ठेवली तर वायू कडेच्या जमिनीतून वाट काढतो. २४ मार्च १९८६ रोजी इंग्लंडमधल्या लॉस्को गावी वातावरणाचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला, जवळच्या कचराभूमीतला वायू एका घराखाली साचला आणि स्फोटात घर उद्ध्वस्त झालं. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो. दाब पडत असताना कडेच्या निरीक्षण विहिरी तपासायच्या, त्या याचसाठी.

वायूवर इंजिन चालवायचं तर सिलॉक्झेनकडे बघावंच लागतं. शाम्पू, क्रीम यांतून आलेली ही संयुगं जळून वाळूसारखी सिलिका होते आणि व्हॉल्व्ह, स्पार्क प्लगवर पांढरा थर धरते. म्हणून ही संयुगं इंजिनाआधीच सक्रिय कार्बनने (शोषून घेणाऱ्या सच्छिद्र कोळशाने) गाळतात. त्याआधी वायू थंड करून पाणी काढलं नाही, तर कार्बन ओला होऊन लवकर निकामी ठरतो.