दूरचित्रवाणी मालिकांतील किरणोत्सर्ग

अणुवीज, अणुभट्टीतील अपघात किंवा किरणोत्सर्गी पदार्थ यांभोवती रचलेल्या मालिकांत किरणोत्सर्ग दाखवण्याची एक ठरीव रीत रूढ झाली आहे. तिचा विचार या नोंदीत केला आहे. अडचण मुळातच आहे. गॅमा किरणांना रंग नाही, वास नाही, आवाज नाही आणि पडद्यावर तर काहीतरी दिसावेच लागते. म्हणून हिरवी चमक आली, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर गणकाची कटकट आली, बघता बघता कातडीवर उठणारे फोड आले. या घाईत दोन वेगळ्या गोष्टी एकच होऊन बसल्या: अंगावर किरण पडणे आणि अंगाला किरणोत्सर्गी धूळ लागणे. नाशिक जिल्ह्यात हा फरक कळायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही, कारण तो निफाड तालुक्यातल्या लासलगावला कांद्यावर पाहायला मिळतो.

आधी चमकेविषयी. ‘द सिम्पसन्स’ (१९८९ पासून) या व्यंगचित्र मालिकेच्या सुरुवातीला अणुवीज केंद्रातला होमर सुटीचा भोंगा होताच चिमट्यातली लखलखती हिरवी कांडी टाकून निघतो आणि ती नेमकी त्याच्या सदऱ्यात मागून शिरते. खरे इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या काळपट, बोटाच्या पेराहूनही लहान गोळ्या. अंधारात त्या चमकत नाहीत. हिरवा रंग बहुधा जुन्या घड्याळांच्या काट्यांवरून आला असावा. त्या काट्यांना रेडियमचा लेप असे, पण उजेड त्यात मिसळलेल्या जस्त सल्फाइडचा असे. पाण्यात बुडालेल्या अणुभट्टीभोवती दिसते ती निळी आभा. ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’ या १९५६ साली सुरू झालेल्या अणुभट्टीत ती दिसत असे. तरीही चमक म्हणजे निव्वळ थाप, असे म्हणता येत नाही. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली भंगारात गेलेल्या उपचारयंत्रातून निघालेली सीझियमची पूड रात्री निळी चमके, आणि त्या नवलाईपायीच ती घरोघरी वाटली गेली. चौघे दगावले.

या विषयावरची सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे ‘चेर्नोबिल’ (२०१९, पाच भाग, लेखक क्रेग मेझिन, दिग्दर्शक योहान रेंक). २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुवीज केंद्राची अणुभट्टी क्रमांक ४ फुटली, त्याची ही कथा. तिचे यश चमकेत नाही, एका आकड्यात आहे. हाताशी असलेले मापकयंत्र ताशी ३.६ राँटजेनच्या (किरणांच्या मात्रेचे जुने एकक) पुढे मोजूच शकत नाही. काटा तिथे अडकतो आणि साहेब लोक तोच आकडा वर कळवून मोकळे होतात. भीती दाखवण्याची याहून नेमकी युक्ती दुसऱ्या कोणत्याही मालिकेला साधलेली नाही. शेवटच्या भागातले लाल-निळ्या पाट्यांचे स्पष्टीकरण (भट्टी मंदावणारा झेनॉन वायू साचणे, नियंत्रक दांड्यांची ग्रॅफाइटची टोके) सुबोध आहे आणि गाभ्याशी बरोबरही. किरणबाधेनंतर रुग्णाला काही दिवस अगदी बरे वाटते आणि मग तो कोसळतो, हा फसवा मधला काळही तिने दाखवला आहे.

चुकते ते रुग्णालयात. अग्निशामक जवानाला शिवल्याने पत्नीला आणि पोटातल्या बाळाला बाधा होते, जणू किरणोत्सर्ग हा देवीसारखा साथीचा रोग आहे. कपडे उतरवून अंग नीट धुतले की अशा रुग्णापासून जवळच्यांना फारसा धोका उरत नाही. त्याच्याभोवती प्लास्टिकचा पडदा लावतात तो त्याच्याच रक्षणासाठी. अस्थिमज्जा जळाल्याने साध्या जंतूंशीही त्याचे शरीर झुंजू शकत नाही. हेलिकॉप्टर पडण्याचा प्रसंगही मालिकेने अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांतच घडवला आहे. ते पडले ऑक्टोबरमध्ये, पाते क्रेनच्या तारेत अडकून.

आता लासलगाव. भाभा अणुसंशोधन केंद्राने येथे उभारलेले ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, २००२ मध्ये सुरू झाले. जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० हा गॅमा किरण सोडणारा पदार्थ असतो. माल त्याच्यासमोरून जातो आणि बाहेर येतो. मोड येऊ नयेत म्हणून कांद्याला मात्रा मिळते ३० ते ९० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक). माणसाच्या सर्वांगाला चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे वाचत नाहीत. म्हणजे कांद्याला मिळते ती मात्रा माणसाला कितीतरी पटींनी मारक आहे, आणि तोच कांदा मिसळीवर चिरून घातला तर खाणाऱ्याला काहीही होत नाही. कोबाल्टचे किरण पेशीतली जनुकद्रव्याची साखळी तोडतात, पण अणूचे केंद्रक बदलण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. धूळ लागत नाही, मागे काही उरत नाही.

किरणांचा मार बसतो तो झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर. माणसात त्या अस्थिमज्जेत आणि आतड्याच्या अस्तरात असतात, कांद्यात मधल्या कोंबात. प्रक्रिया केलेला उन्हाळ कांदा काही महिन्यांनी उभा चिरला, तर पाकळ्यांच्या मध्यभागी तो कोंब तपकिरी पडलेला दिसतो. मोड फुटत नाहीत ते यामुळे. सड मात्र थांबत नाही, आणि काढणीनंतर फार उशीर झाला तर मोडही आवरत नाहीत. तेव्हा या केंद्रामुळे कांदा चाळीची गरज संपेल, असे कुणी समजू नये. आंब्याची गोष्ट निराळी. त्याला किमान ४०० ग्रे देतात ते फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्यासाठी. २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला तो लासलगावहूनच.

वीज केंद्रांच्या वाट्याला मालिकांत स्फोटाखेरीज फारसे काही येत नाही. ‘२४’ च्या चौथ्या पर्वात (२००५) दहशतवादी एका यंत्राच्या जोरावर दुरूनच अणुभट्टी वितळवतात. प्रत्यक्षात भट्टी बंद केल्यावरही पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता सुरुवातीला निर्माण होतच राहते आणि ती काढून घेणे हीच खरी लढाई असते. जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातावरची ‘द डेज’ (२०२३, आठ भाग) हे दाखवते: वीज गेलेली, हातात विजेऱ्या, मोटारींच्या बॅटऱ्या जोडून मापके वाचणारी माणसे. संथ आहे, पण खरी आहे. पाणी थंड करणारे, कमरेत आवळलेले वाफाळते मनोरे दिसले की प्रेक्षक ‘अणू’ असे समजतो, हीसुद्धा पडद्याचीच देणगी. कोळशावरच्या केंद्रांनाही ते असतात. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या तारापूरला त्यांची गरज नाही.

भारतीय मालिकांत ‘रॉकेट बॉइज’ (२०२२, २०२३) होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्याभोवती फिरते. तिथे अणू म्हणजे स्वाभिमान आणि राजकारण. मराठी दैनंदिन मालिकांत रुग्णालय असते ते बेशुद्धी आणि स्मृतिभ्रंश यांच्यासाठी.

घराघरांत मात्र किरणांची भाषा आहे. कर्करोगाच्या किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक देणे’ म्हणतात. बाहेरून यंत्राने शेक घेऊन घरी आलेल्या आजीजवळ नातवाला बसू द्यायचे नाही, ही भीती चेर्नोबिलच्या त्या प्लास्टिकच्या पडद्याचीच सख्खी बहीण आहे. यंत्र बंद झाले की आजीच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवाने खुशाल मांडीवर बसावे. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पोटात घेतलेल्या रुग्णाला मात्र काही दिवस लहान मुलांपासून खरोखरच दूर राहायला सांगतात.