ब्लॅकबर्नची धोतरं, पुण्याची कोंबडी: इंग्लिश फुटबॉलमधल्या पैशाची पार्श्वभूमी

७ मे २०१२ ची संध्याकाळ. इवूड पार्क या मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन यांचा सामना चालू होता आणि कुणीतरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. तिच्या अंगावर रोव्हर्सचा झेंडा गुंडाळला होता. ब्लॅकबर्न एका गोलने हरलं आणि प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत गेलं. कोंबडीच का, हे बाकीच्या जगाला समजावून सांगावं लागलं असेल. पुण्यात त्याची गरज नव्हती. क्लबचे मालक, कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातले वेंकीज, आपल्या सिंहगड रस्त्यावर बसत.

परका पैसा शिरला आणि खेळाची माती झाली, असं इंग्लंडमध्ये पबपासून पार्लमेंटपर्यंत बोललं जातं. आपल्याकडे रात्री जागून सामने बघणारी पोरंही तेच म्हणतात. तक्रार खोटी नाही. पण मागे जाऊन पाहिलं तर दार कुणी बाहेरून फोडल्याचं दिसत नाही. कडी आतल्यांनीच काढली होती. ही गोष्ट ब्लॅकबर्नवरूनच सांगतो, कारण या एका गावात ती जवळजवळ सगळी सापडते.

एकोणिसाव्या शतकातलं ब्लॅकबर्न म्हणजे मागांचं गाव. तिथल्या गिरण्यांत हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. (१९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी बहिष्काराची झळ बसलेल्या कामगारांना भेटायला गेले, ते डार्वेन इथून हाकेच्या अंतरावर आहे.) या गावातल्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाच्या संघाने १८८३ मध्ये एफए कप ही देशभरची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. तोवर हा कप लष्करी अधिकारी, ऑक्सफर्डवाले आणि बड्या शाळांचे माजी विद्यार्थी आपापसात फिरवत होते. अंतिम सामन्यात ओल्ड ईटनियन्सना २-१ असं हरवणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये गिरणी कामगार होते, एक प्लंबर होता. खर्चाचा भार सिडनी येट्स नावाच्या स्थानिक ओतशाळेच्या मालकाने उचलला होता, आणि त्या पैशावर सामन्याआधी सगळ्या संघाला सरावासाठी ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी नेलं होतं. खेळण्यासाठी काम सोडून सराव करायचा, हे लंडनच्या साहेबांना पटलं नाही. पैसा खेळ नासवतो ही ओरड तेव्हापासूनची आहे, आणि तेव्हा तो पैसा शेजारच्या गल्लीतला होता.

१८८५ मध्ये इंग्लिश फुटबॉलची कारभारी संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) पगारी खेळाडूंना मान्यता दिली. ऑलिम्पिकला त्याचा उपयोग झाला नाही. गावातल्याच रोव्हर्सची ऐपत मोठी होती. कप जिंकल्यानंतर सहाच वर्षांनी ऑलिम्पिक बंद पडलं.

पगार टाळता येत नाहीत म्हटल्यावर असोसिएशनने निदान मालकांना वेसण घातली. लाभांश पाच टक्क्यांहून अधिक घ्यायचा नाही (पुढे ही मर्यादा थोडी थोडी सैल झाली), संचालकाने पगार घ्यायचा नाही, आणि क्लब गुंडाळलाच तर उरलेली मालमत्ता खिशात न घालता इतर क्रीडासंस्थांना किंवा धर्मादाय कामाला द्यायची. हा पुढे नियम ३४ म्हणून ओळखला गेला. त्यामुळे क्लब कागदोपत्री कंपनी असला तरी व्यवहारात गावच्या देवस्थानासारखा चाले. विश्वस्त व्हा, मिरवा, पहिल्या रांगेत बसा. दानपेटीत हात घालायचा नाही.

या जुन्या दिवसांबद्दल गळा काढणाऱ्यांनी एक आठवावं, की या व्यवस्थेचं ओझं खेळाडूंच्या डोक्यावर होतं. १९०१ मध्ये कमाल वेतन आठवड्याला चार पौंड ठरवलं गेलं. मैदानात चाळीस-पन्नास हजार लोक तिकीट काढून येत आणि गोल करणारा बसने घरी जाई. १९६१ मध्ये जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची धमकी दिली, तेव्हा ही मर्यादा वीस पौंडांवर होती. ती उठली, आणि लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले.

खरा उंबरठा मात्र १९८३ चा. लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर क्लबने एक युक्ती काढली. क्लबच्या डोक्यावर एक होल्डिंग कंपनी उभी केली आणि तिचे शेअर लंडनच्या बाजारात विकायला काढले. नियम ३४ क्लबला लागू होता. कंपनीला कुठे होता? असोसिएशनने हे मुकाट्याने चालवून घेतलं. जवळजवळ शंभर वर्षांची वेसण कुठलाही ठराव न होता, एका कंपनी नोंदणीने सुटली. त्याच वर्षी दुसरा एक निर्णय झाला, त्याची आठवण फार कुणी काढत नाही. लीग सामन्याच्या तिकिटाच्या उत्पन्नात पाहुण्या संघाचा वाटा असे, तो बंद झाला. ज्याचं मैदान मोठं, त्याचा गल्ला मोठा. हे दोन्ही निर्णय इंग्रजांनी इंग्रजांसाठी घेतले होते.

तेव्हा या खेळात पैसा आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा बळी घेतला. त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडचे मार्टिन एडवर्ड्स आपला हिस्सा मायकेल नाइटन नावाच्या गृहस्थांना विकायला निघाले होते. सगळा सौदा वीस कोटींचा नव्हे, दोन कोटी पौंडांचा, आणि त्यातले निम्मे स्टँडच्या दुरुस्तीसाठी. नाइटन प्रेक्षकांसमोर युनायटेडचा पोशाख घालून चेंडू डोक्यावर-पायावर खेळवून दाखवण्यापर्यंत पोचले आणि मग त्यांना पैसा उभा करता आला नाही.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालामुळे मोठ्या मैदानांत प्रत्येकाला बसायला खुर्ची द्यावी लागली. मैदानं नवी झाली, तिकिटं महागली. १९९२ मध्ये वरच्या श्रेणीच्या २२ क्लबांनी जुन्या फुटबॉल लीगपासून वेगळी चूल मांडली. कारण साधं होतं, टीव्हीचे पैसे खालच्या तीन श्रेण्यांबरोबर वाटून घ्यायचे नव्हते. मर्डोक यांची स्काय वाहिनी आणि बीबीसी यांच्याबरोबरचा पहिला करार पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. २०२५ पासूनचा चार वर्षांचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे, आणि तो फक्त ब्रिटनपुरता. बाकी जगातली वर्गणी, म्हणजे तुमची-माझीही, वेगळी.

आता पुन्हा ब्लॅकबर्न. जॅक वॉकर हे याच गावचे, पोलादाच्या धंद्यात मोठे झालेले. कंपनी त्यांनी ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकली होती आणि ते कर वाचवायला जर्सी बेटावर राहत होते. १९९१ मध्ये त्यांनी लहानपणापासूनचा आपला क्लब ताब्यात घेतला. केनी डॅलग्लिशना मॅनेजर म्हणून आणलं, ३३ लाख पौंडांना अ‍ॅलन शिअरर आणला, इवूड पार्कचे तीन स्टँड पाडून नव्याने बांधले. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि विजेतेपद ब्लॅकबर्नला आलं. विकत घेतलेलं विजेतेपद म्हणून इतरांनी नाकं मुरडली. ब्लॅकबर्नकरांना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण माणूस आपला होता. पुढे रशियन अब्जाधीश अब्रामोविचने चेल्सी क्लबात जे केलं त्याचा नमुना इथेच तयार झाला होता. फरक उच्चारांचा आणि शून्यांचा.

ते शून्य २००३ च्या उन्हाळ्यात वाढले. केन बेट्स यांनी १९८२ मध्ये एका पौंडाला घेतलेली चेल्सी रोमन अब्रामोविचने कर्जासकट सुमारे १४ कोटी पौंडांना घेतली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेलात कमावलेला पैसा पश्चिम लंडनमध्ये उतरला. दोन वर्षांत लीगचं विजेतेपद. हा पैसा बिनव्याजी कर्ज म्हणून क्लबमध्ये येत राहिला, अखेरीस सुमारे १५० कोटी पौंड.

२००५ मध्ये आलेले ग्लेझर अगदी उलट्या जातीचे. फ्लोरिडाच्या या कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ७९ कोटी पौंडांना घेतलं, पण त्यातला मोठा भाग कर्जाचा होता, आणि ते कर्ज क्लबच्याच अंगावर टाकलं. कालपर्यंत डोक्यावर कर्जाचा छदामही नसलेला क्लब स्वतःच्या खरेदीचं व्याज भरू लागला. एकाने विहिरीत पाणी ओतलं, दुसऱ्याने विहिरीवर मोटार बसवली. काही चाहत्यांनी वैतागून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. बाकीचे हिरवे-पिवळे मफलर घालून निषेध करत राहिले आणि तिकिटंही काढत राहिले. फुटबॉलचं गिऱ्हाईक दुकान बदलत नाही, हे ग्लेझरना त्या चाहत्यांपेक्षा नीट कळलं होतं.

तिसरी जात राज्यकर्त्यांची. १ सप्टेंबर २००८ रोजी अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटी घेण्याचा सौदा केला आणि त्याच दिवशी ३ कोटी २५ लाख पौंडांना रॉबिन्यो आला. दहा वर्षांपूर्वी हा क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. २०१८ ते २०२४ या काळात त्याने सातपैकी सहा विजेतेपदं जिंकली. या पैशाचा एक ओहोळ आपल्याकडेही आला. सिटीच्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि त्यानंतरच्याच पुढच्या मोसमात मुंबईने इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली. इकडे प्रीमियर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले आहेत.

२०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने न्यूकॅसल ३० कोटी ५० लाख पौंडांना घेतलं गेलं. सौदी सरकार क्लब चालवणार नाही अशी कायदेशीर हमी लीगने घेतली होती. त्या निधीचे अध्यक्ष खुद्द युवराज आहेत, तेव्हा हमीची किंमत ज्याची त्याने करावी. मैदानाबाहेर चाहते डोक्याला अरबी रुमाल बांधून नाचले. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण २०२५ मध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला तेव्हा १९५५ नंतरचा तो पहिला देशांतर्गत करंडक होता. सत्तर वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला मालकाचं चारित्र्य विचारायला सांगणारे बहुतेक आर्सेनलचे पाठीराखे असतात.

वॉकर २००० मध्ये वारले. त्यांच्या ट्रस्टला क्लबवर आयुष्यभर खर्च करायचा नव्हता, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी रोव्हर्स पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाला म्हणजे वेंकीजना २ कोटी ३० लाख पौंडांना विकलं. अंडी आणि कोंबड्यांच्या धंद्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी उभं केलेलं हे घर. इथल्या शेतकऱ्याला त्यांचं कर्तृत्व सांगायला नको. फुटबॉलचा अनुभव मात्र शून्य. महिन्याभरात अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं, संघ तेराव्या क्रमांकावर असताना. रोव्हर्सचे खेळाडू चिकन खातानाची जाहिरात निघाली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेला. मग कोंबडी, मग घसरण. त्यानंतरच्या मोसमात हेनिंग बर्ग मॅनेजर म्हणून ५७ दिवस टिकले. पूर्वी प्रीमियर लीग जिंकलेला एखादा क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची पहिलीच वेळ २०१७ मध्ये रोव्हर्सवर आली; वर्षभराने ते वर आले.

गंमत अशी, की वेंकीजनी ग्लेझरांसारखी मोटार बसवलेली नाही. तोटा भरायला वर्षानुवर्षं पुण्याहून पैसाच जात राहिला. तरीही गावाचा राग गेला नाही. पैसा घालणारा मालक चांगला आणि काढणारा वाईट, ही वाटणी म्हणून अपुरी पडते. ब्लॅकबर्नकरांचं दुखणं असं, की मॅनेजर कोण, खेळाडू कुणाच्या सल्ल्याने घ्यायचे, क्लब विकायचा की नाही, यातलं काहीच त्यांना कुणी विचारलं नाही. वॉकरनीही विचारलं नव्हतं. तेव्हा कप येत होता म्हणून खपून गेलं. २००४ पासून मालकांची पात्रता-चाचणी असते, पण ती मुख्यतः गुन्हे आणि दिवाळखोरी तपासते. धंदा कळतो का, हे तिच्या कक्षेत नाही.

धक्का बसायला १८ एप्रिल २०२१ उजाडावा लागला. सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीग या मोजक्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेत जायची घोषणा केली आणि चाहते रस्त्यावर आल्यावर दोन दिवसांत माघार घेतली. त्यातून माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या नेतृत्वाखाली फुटबॉलच्या कारभाराची चौकशी झाली. तेवढ्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला, मार्च २०२२ मध्ये अब्रामोविचवर निर्बंध आले आणि चेल्सी सक्तीने २५० कोटी पौंडांना अमेरिकन मंडळींकडे गेली. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक मालकांची छाननी करेल. मैदान विकायचं, क्लबचं बोधचिन्ह किंवा रंग बदलायचे, तर चाहत्यांचं म्हणणं ऐकावं लागेल. दानपेटीत हात घालायला अजूनही मनाई नाही.

ब्लॅकबर्नमध्ये दरम्यान वेगळीच गोष्ट घडत होती. अंमलबजावणी संचालनालयाच्या (ईडी) चौकशीमुळे वेंकीजना इंग्लंडला पैसे पाठवण्याआधी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. लँकेशायरमधला रोव्हर्सचा चाहता त्यामुळे लीगच्या वेळापत्रकाबरोबर दिल्लीतल्या सुनावणीची पुढची तारीखही बघायला शिकला.