पेशीचक्रातील कालवाटप

पेशीचक्रातील कालवाटप : विभाजनातून जन्मलेली पेशी स्वतः विभागली जाईपर्यंतचा काळ म्हणजे तिचे पेशीचक्र. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे चक्र साधारण २४ तासांत पुरे होते आणि त्यात प्रत्यक्ष सूत्री विभाजनाला जेमतेम एक तास लागतो. शालेय पुस्तकांत पूर्वावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंतच्या आकृत्या पानभर असतात, पण आधीच्या २३ तासांची बोळवण एखाद्या परिच्छेदात होते. पेशीचे खरे काम मात्र त्याच २३ तासांत चालते.

सूक्ष्मदर्शकाखाली या काळात काहीच हालचाल दिसत नाही, म्हणून ती पेशीची विश्रांती समजली जाई. १९५३ मध्ये लंडनमध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या वर्गातील एका वनस्पतीच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला. नव्या डीएनएत तो केव्हा शिरतो हे पाहिल्यावर कळले, की डीएनएची नक्कल विभाजनाच्या बऱ्याच आधी, ठरावीक काळात होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोकळा अवधी असतो. नक्कलीच्या काळाला एस आणि आधीच्या व नंतरच्या अवधींना जी-१ व जी-२ ही नावे तेव्हापासून रूढ झाली.

वरील २४ तासांपैकी सुमारे ११ तास जी-१ मध्ये, ८ तास एसमध्ये आणि ४ तास जी-२ मध्ये जातात. एसचे आठ तास खरे तर फार थोडे आहेत. मानवाच्या पहिल्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी आधारक जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात. नक्कल एकाच टोकाकडून मिनिटाला दोन हजार जोड्यांच्या वेगाने होत गेली, तर एवढ्या एका गुणसूत्राला जवळजवळ तीन महिने लागतील. पेशी हजारो ठिकाणी एकाच वेळी काम सुरू करते, म्हणून ते तासांत आटोपते.

वेगवेगळ्या पेशींच्या चक्रांत जो फरक पडतो, तो मुख्यतः जी-१ मुळे. पोषण पुरेसे आहे का, वाढीचे संदेश येत आहेत का, डीएनए शाबूत आहे का, हे येथे पारखले जाते. अनुकूल संदेश न मिळाल्यास पेशी चक्राबाहेर, जी-० मध्ये जाते. यकृताच्या पेशी एरवी तेथेच असतात, पण यकृताचा भाग कापून काढला तर पुन्हा चक्रात येतात. परिपक्व चेतापेशी सहसा परतत नाहीत. याच्या उलट टोकाला झेनोपस बेडकाचा भ्रूण आहे. अंड्यात साठा तयार असल्याने त्याला वाढीसाठी थांबावे लागत नाही. जी-१ आणि जी-२ जवळजवळ गाळून सुरुवातीची बरीचशी विभाजने प्रत्येकी अर्ध्या तासात उरकतात.

हा काळ घड्याळाविनाही मोजता येतो. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून काचपट्टीवर दाबले, की प्रत्येक पेशी होती त्या अवस्थेत दिसते. समजा १,००० पेशींपैकी ८० विभाजनात आढळल्या, तर विभाजनाला चक्राचा सुमारे ८ टक्के काळ लागतो. हा अंदाज ढोबळ असतो. विभाजनातून एकीच्या दोन होत असल्याने वाढत्या समूहात तरुण पेशी नेहमी जास्त असतात आणि चक्राच्या शेवटी येणाऱ्या विभाजनाचा वाटा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. शिवाय मुळातल्या काही पेशी चक्रात नसतातच.

कर्करोगाच्या उपचारात हे गणित थेट उपयोगी पडते. सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टीन हे औषध विभाजनाच्या वेळी तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागे, बनू देत नाही. सायटाराबीन हे दुसरे औषध एस अवस्थेतील पेशींना गाठते. कोणत्याही क्षणी गाठीतील थोड्याच पेशी त्या अवस्थेत असल्याने अशी औषधे पुन्हापुन्हा द्यावी लागतात. केसांच्या मुळांतील पेशीही भराभर विभागत असल्याने त्यांनाही झळ बसते. जी-० मध्ये थांबलेल्या कर्कपेशी मात्र अशा औषधांच्या तडाख्यातून अनेकदा वाचतात आणि पुढे चक्रात परतून रोग पुन्हा उद्भवू शकतो.